पुढे पाठवण्याआधी नाव विचारा

त्रिपुरारी पौर्णिमा तोंडावर आली आहे. सिंधुदुर्गात आणि त्याला लागून असलेल्या गोव्यातल्या पेडण्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतील. पालखी देवळाभोवती फिरेल आणि मध्यरात्र उलटता उलटता पायपेटीचा सूर लागून दशावताराचं नाटक उभं राहील. वरघाटी तमाशाचे फड दसऱ्यालाच बाहेर पडले आहेत. खंडोबाच्या माळेगावी यात्रेची तयारी सुरू होईल, जेजुरीत वाघ्या-मुरळी उभे राहतील, तुळजापुरात गोंधळ्यांचा संबळ वाजेल. महाराष्ट्रातल्या बहुतेक लोककलावंतांची वर्षाची कमाई या पुढच्या सहा-सात महिन्यांत होते. त्यातल्या प्रत्येक रात्री रंगमंचासमोर शेकडो मोबाइल वर होतील. माझी विनंती त्या मोबाइल धरलेल्या हातांना आहे. ती हंगाम भरात येण्याआधी पोचायला हवी, म्हणून घाईने लिहितो आहे.

कलावंताचं नाव आणि गाव विचारल्याशिवाय त्याचा व्हिडिओ पुढे पाठवू नका.

असं का म्हणतो, ते सांगतो. दशावतारात स्त्री पार्ट करणाऱ्या एखाद्या कलावंताचा मिनिटभराचा तुकडा कुणीतरी जत्रेत टिपतो. नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी बसून केलेला विलाप असेल किंवा भर दरबारात राजाला विचारलेला जाब असेल. तो तुकडा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, तिथून मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर, तिथून कुणीतरी तो उतरवून घेऊन इन्स्टाग्रामवर चढवतो. तिसऱ्या दिवशी तो भलत्याच एखाद्या पेजवर दिसतो. त्यावर पेजचा शिक्का असतो, खाली ‘आपली संस्कृती’ किंवा ‘कोकणची शान’ असं लिहिलेलं असतं आणि हजारो लोक हात जोडून जातात. कलावंताचं नाव त्यात कुठेच नसतं. मंडळाचं नसतं, गावाचंही नसतं. पुण्यातल्या एखाद्या गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला तो तुकडा आवडला आणि ‘यांना बोलावू या’ असं त्याच्या मनात आलं, तरी तो बोलावणार कुणाला? खाली पंचवीस जणांनी ‘हे कोण आहेत?’ असं विचारलेलं असतं आणि उत्तर एकालाही मिळालेलं नसतं.

तो कलावंत मात्र त्या वेळी दुसऱ्या गावच्या दहीकाल्याच्या वाटेवर असतो. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं आमच्याकडे दशावताऱ्यांबद्दल म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे. रात्रभर उभं राहून, संहिता हाती नसताना मनानेच संवाद रचत, पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत प्रेक्षक धरून ठेवायचा आणि उजाडलं की शेतात किंवा मजुरीला जायचं. त्याला मिळते ती ‘नाईट’, म्हणजे त्या रात्रीचे ठरलेले पैसे. व्हिडिओ पाच हजार लोकांनी पाहिला काय किंवा पाच लाखांनी पाहिला काय, त्या नाईटमध्ये रुपयाचा फरक पडत नाही. फरक पडतो तो बोलावणं वाढल्याने, आणि बोलावणं नावाला येतं.

सोशल मीडियाने कलावंत मोठा होतो, असं आपण सगळेच बोलतो. अर्धं खरं आहे ते. व्हिडिओ मोठा होतो. कलावंत मोठा व्हायचा तर व्हिडिओला त्याचा पत्ता चिकटलेला असावा लागतो. आज तो चिकटवण्याचं काम कुणीच करत नाही. करणं अवघड आहे म्हणून नव्हे, ते आपलं काम आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून.

आपल्या परंपरेला हे चांगलं ठाऊक होतं. तुकोबा, नामदेव, जनाबाई यांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा ठेवली. शाहिरांनी तेच केलं. होनाजी बाळा, राम जोशी, परशराम, आणि पुढे पठ्ठे बापूराव यांनी लावणीत आपलं नाव ओवून ठेवलं. त्या काळी रचना तोंडातोंडी जायची, कागद क्वचितच सोबत असायचा. नाव रचनेच्या बाहेर ठेवलं असतं तर पहिल्याच गावात गळून पडलं असतं. ते चालीत आणि यमकात बसवलेलं होतं, म्हणून गाणाऱ्याला ते टाळता आलं नाही आणि आपल्यापर्यंत पोचलं. तमाशाच्या फडांची नावंही पाहा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. या एका नावात बाई आहे, तिचे वडील आहेत, जात आहे आणि गाव आहे. जाहिरातीच्या कागदावर एवढी ओळ छापली की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या यात्रा कमिटीला सुपारी द्यायला कुठे जायचं ते कळायचं.

पुढे ध्वनिमुद्रिकेचं यंत्र आलं तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला होता. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहरजान यांचं गाणं मुद्रित झालं. मूळ तबकड्या छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची हे कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून गाणं संपलं की गायक-गायिका आपलं नाव मोठ्याने सांगायचे. गौहरजान यांची ती शेवटची घोषणा आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते. कागदी लेबल फाटलं, आवरण हरवलं, तबकडी परदेशात कुणाच्या माळ्यावर जाऊन पडली, तरी कुणाचं गाणं ते तबकडी स्वतःच सांगते.

आज आपल्याला नेमकं हेच करायचं आहे. व्हिडिओखाली लिहिलेला मजकूर फार लांब जात नाही. कुणी व्हिडिओ उतरवून घेऊन दुसरीकडे टाकला की मजकूर मागे राहतो आणि चित्र एकटंच पुढे जातं. कोपऱ्यात लिहिलेलं नावही कापता येतं, पेजवाले ते बेलाशक कापतात. कलावंताच्या स्वतःच्या आवाजात सांगितलेलं नाव कापायला मात्र मुद्दाम मेहनत घ्यावी लागते. म्हणून नाटक संपल्यावर, रंग पुसण्याआधी, पाच मिनिटं मागे थांबा. आत जाण्याची परवानगी विचारा. त्या कलावंताला म्हणा, ‘दादा, तुमचं नाव, गाव, मंडळ आणि चालकांचा फोन नंबर एकदा कॅमेऱ्यात बघून सांगा.’ दहा सेकंदांचं काम आहे. तो तुकडा व्हिडिओच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला जोडा, कारण शेवटपर्यंत पाहणारे थोडे असतात. आणि तोच मजकूर खाली देवनागरीत लिहा. ‘दशावतार’, ‘सावंतवाडी’, ‘कुडाळ’, ‘भारूड’, ‘गोंधळ’ हे शब्द मराठीत लिहिलेले असले की मराठीत शोधणाऱ्याला ते सापडतात. ‘अमेझिंग इंडियन फोक’ असं इंग्रजीत लिहून ठेवलं तर कणकवलीचा माणूसही ते शोधणार नाही.

फोन नंबर देताना तो मंडळाच्या चालकाचा किंवा मॅनेजरचा द्या, आणि त्यांना विचारून द्या. कलावंताचा घरचा नंबर परस्पर चार ठिकाणी टाकू नका. स्त्री कलावंतांच्या बाबतीत तर अजिबात नको. एकदा नंबर उघड झाला की रात्री-अपरात्री कसले फोन येतात ते त्या बायकांनाच ठाऊक.

इथे थोडं थांबून लावणी-तमाशाबद्दल बोललं पाहिजे, कारण मोबाइलने सर्वांत जास्त नुकसान तिथे केलं आहे. फडावरची बाई तीन तास उभी असते. गण, गवळण, बतावणी, लावणी, वग असा सगळा पसारा असतो. ढोलकीवाला आणि तिच्यामध्ये चाललेली लयीची झटापट हा त्यातला अस्सल माल. पण व्हायरल होतो तो पाच सेकंदांचा तुकडा, आणि तो कसला असतो हे मी लिहायची गरज नाही. तो कापतो कोण? तिकीट काढून आत आलेला आपल्यातलाच कुणीतरी. खाली घाण कोण लिहितं? आपल्यातलेच. त्यापुढे जाऊन राहुटीत, कपडे बदलण्याच्या जागेत मोबाइल नेणारेही निघाले आहेत. हा गुन्हा आहे आणि असं कुणी करताना दिसलं तर गप्प बसू नका. यात्रा कमिटीला सांगा, पोलिसांना सांगा. कमिट्यांनाही माझं हात जोडून सांगणं आहे: सुपारी ठरवताना स्टेज, जनरेटर आणि जेवणाची बोलणी जशी करता, तशीच राहुटीच्या भोवती माणसं ठेवण्याचीही करा. बाईला तिथे सुरक्षित वाटलं नाही, तर तिची मुलगी या धंद्यात येणार नाही आणि मग व्हिडिओ काढायलाही काही उरणार नाही.

लावणीचा व्हिडिओ टाकायचा असेल तर पूर्ण लावणी टाका. अंतऱ्यात तिने केलेली अदाकारी दिसू द्या. ढोलकीवाल्याचं नाव लिहा, पेटीवाल्याचं लिहा, मागे सूर धरणाऱ्या सुरत्याचं आणि सोंगाड्याचंही लिहा. गाणाऱ्याचं नाव एखाद वेळेस तरी कुठेतरी येतं, झिलकऱ्याचं कधीच येत नाही.

कायदाही कलावंताच्या बाजूचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कॉपीराइटचा आपला कायदा १९५७चा. १९९४च्या दुरुस्तीने त्यात सादरकर्त्यांचे हक्क आले. सादरकर्ता कोण, हे सांगताना कायद्याने नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरती करणारा, हातचलाखी करणारा, जादूगार, गारुडी अशांचीही नावं घेतली आहेत. रस्त्यावर खेळ करणारा डोंबारीसुद्धा कायद्याच्या नजरेत कलावंतच आहे. २०१२च्या दुरुस्तीने त्याला आणखी एक हक्क दिला: आपण केलेल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, अशी मागणी करण्याचा हक्क. म्हणजे व्हिडिओखाली नाव लिहिणं ही आपण केलेली मेहेरबानी नाही. ते आपण त्याला लागत असलेलं देणं आहे. स्वतःपुरतं पाहायला कुणी तुकडा टिपला तर त्याला कायदा आडवा येत नाही. पण अख्खा प्रयोग मुद्रित करून स्वतःच्या चॅनेलवर लावायचा आणि त्यावर जाहिरातीचे पैसे मिळवायचे, याला सादरकर्त्याची संमती लागते. ती लेखी घ्या आणि पैशाची वाटणी आधीच ठरवा. जत्रेत तिपाई घेऊन फिरणाऱ्या चॅनेलवाल्यांनी हे मनावर घ्यावं. त्यातले कितीतरी जण मनापासून या कलेवर प्रेम करणारे आहेत, स्वतःचं पेट्रोल जाळून रात्र जागवणारे आहेत, म्हणूनच त्यांना सांगतो आहे.

पैशाचं सांगायचं तर, यूट्यूबच्या सध्याच्या नियमांनुसार जाहिरातीतून उत्पन्न सुरू व्हायला किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं झालेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. बारा-पंधरा माणसांच्या दशावतारी मंडळाने हंगामात रोज वेगळ्या गावी नाटक करायचं आणि शिवाय हे आकडे गाठायचे, हे जमण्यासारखं नाही. आणि गाठलेच, तरी त्या पैशात मंडळाची गाडी, साड्या, मुकुट, पेटी-मृदंगाची दुरुस्ती आणि माणसांची पोटं भागतीलच असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की मंडळांनी जाहिरातीच्या पैशामागे धावू नये. व्हिडिओचं काम सुपारी आणून देणं. ज्या गावात मंडळ कधी गेलं नाही त्या गावच्या देवस्थान कमिटीच्या अध्यक्षाने मोबाइलवर पाहून फोन उचलला, की व्हिडिओचं काम झालं.

पूर्ण प्रयोग फुकट पाहायला मिळाला तर जत्रेला कोण येईल, अशी भीती काही चालक-मालक बोलून दाखवतात. मला ती सगळीकडे पटत नाही. दशावताराचे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान तेच असलं तरी आजचा नारद कालच्यासारखा बोलत नाही. ज्याने मोबाइलवर एक रात्र पाहिली, त्याला दुसऱ्या रात्रीची ओढ लागते. पण एका बाबतीत चालकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. अलीकडे अनेक मंडळं ट्रिकसीनची, म्हणजे रंगमंचावर यंत्राने चमत्कार घडवून दाखवणारी, नाटकं करतात. चमत्काराच्या त्या एका क्षणासाठी त्यांनी महिनाभर खपून यंत्रणा उभारलेली असते, आणि पहिल्याच प्रयोगाला कुणीतरी नेमका तोच क्षण टिपून सगळ्या तालुक्यात वाटतो. पुढच्या गावचा प्रेक्षक आश्चर्याला मुकतो आणि मंडळाची मेहनत पाण्यात जाते. ट्रिकसीन टिपू नका. मंडळाने ‘हे चित्रित करू नका’ असं रंगमंचावरून सांगितलं, तर मोबाइल खाली घ्या. आणि मंडळांनीही ते न लाजता सांगावं.

२०२५च्या सप्टेंबरात ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट आला आणि दिलीप प्रभावळकरांची बाबुली मेस्त्रीची भूमिका पाहून कधी कोकणात पाऊल न टाकलेल्या माणसांनाही ही कला प्रत्यक्ष पाहावीशी वाटली. हे कुतूहल फार दिवस टिकत नसतं. ‘खरा दशावतार कुठे पाहायला मिळेल?’ या प्रश्नाचं उत्तर आज मोबाइलवर शोधलं तर जे हाती लागतं, त्यात तारीख नसते, गाव नसतं. जत्रांच्या तारखा तिथीवर असतात. त्या बाहेरच्याला कळत नाहीत. गावातल्या एखाद्या मुलाने ‘अमुक तारखेला आमच्या गावची जत्रा, अमुक मंडळाचं नाटक, उतरायचं अमुक थांब्यावर, जेवणाची सोय अमुक ठिकाणी’ एवढं लिहून टाकलं, तरी कोल्हापूरचा किंवा पुण्याचा माणूस गाडी काढेल.

वारली चित्रांचं दुखणं थोडं निराळं. लग्नाचा चौक भिंतीवर सुवासिनी काढायच्या, त्यावर सही नसायची. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी तो भिंतीवरून कागदावर नेला, जगभर नेला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी चित्राचा फोटो पाठवताना आपण कडेची सही कापून पाठवतो, आणि मग तोच फोटो चादरीवर, कपावर छापून येतो. डहाणू-पालघरच्या बाजूला कुणाकडून चित्र घेतलंत, तर चित्रकाराला किंवा चित्रकर्तीला चित्र हातात धरून उभं राहायला सांगा आणि तो फोटो पाठवा.

उलट उदाहरणही आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. जुन्या चित्रांच्या पोथ्या पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन बसल्या, पण चित्र दाखवत कथा सांगणारा आवाज पिंगुळीतच राहिला. परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराजवळ त्या कलेचं संग्रहालय उभं केलं आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आज गोव्याला जाणारा पर्यटक वाट वाकडी करून तिथे थांबू शकतो, कारण तिथे नाव आहे, जागा आहे आणि नकाशावर ती सापडते. प्रत्येक कलावंत संग्रहालय उभारू शकणार नाही. नकाशावर आपल्या मंडळाची खूण मात्र प्रत्येकाला करता येईल, आणि ती करून द्यायला कॉलेजात जाणारा शेजारचा मुलगा पुरेसा आहे.

कलावंतांनो, आता तुमच्याशी बोलतो. मंडळाचं पेज स्वतःचं असू द्या. ‘आम्ही तुमचं सगळं सांभाळतो’ म्हणणाऱ्या एकट्या माणसाच्या हवाली पासवर्ड करू नका. ज्या मोबाइल नंबरवर ते पेज उघडलंय तो नंबर मंडळाच्याच नावावर ठेवा. सगळीकडे नाव एकच लिहा. एकीकडे ‘प्रासादिक नाट्यमंडळ’, दुसरीकडे ‘दशावतारी मंडळ’, तिसरीकडे नुसती इंग्रजी आद्याक्षरं, असं झालं की शोधणारा भांबावतो. कुठल्याही करारावर, मग तो साध्या कागदावरचा का असेना, वाचून घेतल्याशिवाय अंगठा-सही करू नका, आणि ‘कायमचे हक्क’ हे शब्द दिसले तर गावातल्या शिकलेल्या माणसाला आधी दाखवा. क्यूआर कोड छापून पेटीच्या पुढ्यात ठेवा. खिशात सुट्टे पैसे नसलेले प्रेक्षक आता फार झाले आहेत, त्यांची ओवाळणी अशीच येईल. फक्त एक ध्यानात ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. जो कुणी पैसे पाठवतो म्हणून पिन टाकायला सांगतो, तो चोर आहे.

आणि एकाच ठिकाणी सगळं ठेवू नका. २०२० सालच्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा खेड्यापाड्यातल्या कितीतरी जणांची दोन-दोन वर्षांची मेहनत आणि जोडलेली माणसं एका रात्रीत गेली. मूळ व्हिडिओ एखाद्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर तारीख घालून ठेवा. त्याचा आणखी एक उपयोग आहे. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आहे, २०२४पासून ते महिन्याला ५,००० रुपये झालं आहे. त्यासाठी अर्ज करताना आपण इतकी वर्षं कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. जन्मभर गोंधळ घातलेल्या म्हाताऱ्याकडे कागद नसतो. कार्यक्रमाच्या पत्रिका कुणी जपून ठेवलेल्या नसतात. गाव, वर्ष आणि नाव सांगणारे व्हिडिओ हाताशी असले, तर त्याच्या बाजूने बोलायला काहीतरी असेल.

व्हिडिओला नाव मिळालं की काय होतं, हे आपण पाहिलेलं आहे. २०२३ साली कोपरगावच्या बसस्थानकावर दिवस काढणाऱ्या एका वृद्धेचा, लावणीची अदा करतानाचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. त्या शांताबाई कोपरगावकर होत्या, एके काळी स्वतःच्या नावाचा तमाशा गाजवलेल्या. ओळख पटली, नाव बातम्यांत आलं आणि मग मदतीचे हात पुढे झाले, राहायची सोय झाली. नाव पुढे आलं नसतं तर ती बसस्थानकावर नाचणारी कुणी म्हातारी राहिली असती. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं कोरोनामुळे जत्रा बंद होत्या, राहुट्या उघडल्याच नाहीत, तेव्हाही मदत करू पाहणारी माणसं होती. ‘कुणाला देऊ?’ असं ती विचारत होती. फड आणि मंडळं सगळ्यांना ठाऊक होती, त्यातली माणसं कुणालाच ठाऊक नव्हती. फडातल्या, झाडू मारणाऱ्यापासून सुरत्यापर्यंतच्या चाळीस-पन्नास जणांत फक्त एका नावाची पाटी असते.

गावापासून दूर असलेल्यांनाही मला सांगायचं आहे. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचे ग्रुप आजही सर्वांत जागे असतात. तुमच्या ग्रुपवर निनावी व्हिडिओ आला की ‘छान’ एवढंच लिहून सोडू नका. ‘कोण आहेत? कुठले?’ असं विचारा. गावच्या माणसाला ते माहीत असतंच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून. तिथल्या कार्यक्रमांना इथले नामवंत नट-गायक जातात आणि ते योग्यच आहे. पण एका संबळवादकाला, एका भारूडकाराला घरबसल्या व्हिडिओ कॉलवर तासभर बोलतं करायला, मुलांना त्याची ओळख करून द्यायला आणि त्या तासाचं मानधन थेट त्याच्या खात्यावर पाठवायला विमानाचं तिकीट लागत नाही. फुकट मात्र बोलावू नका. ‘तुम्हाला एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य कलावंतांनी फार ऐकलं आहे.

शाळा-कॉलेजांतले शिक्षक हे वाचत असतील, तर प्रकल्प म्हणून मुलांना एवढंच द्या: आपल्या गावातले आणि शेजारच्या दोन गावांतले वाजवणारे, गाणारे, नाचणारे, बाहुल्या नाचवणारे शोधा, प्रत्येकाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ त्याच्या संमतीने करा, त्यात त्याने नाव-गाव आणि कुणाकडून शिकला ते सांगू दे. आवाज स्वच्छ यावा म्हणून कर्ण्यासमोर उभं राहू नका, वादकाच्या बाजूला, हातभर अंतरावर मोबाइल धरा. सगळं मंडळ टिपायचं असेल तेव्हा मोबाइल आडवा धरा, म्हणजे सगळे त्यात मावतील. त्यातल्या काही कलावंतांचं वय असं आहे की पुढच्या वर्षी पाहू म्हणून चालणार नाही.

पहिल्या जत्रेला अजून थोडे दिवस आहेत. तोवर करण्यासारखं एक काम तुमच्या खिशातच आहे. मोबाइलची गॅलरी उघडा. गेल्या हंगामात टिपलेले व्हिडिओ तिथे असतील. त्यातला एक निवडा, तो ज्या गावात टिपला तिथल्या कुणाला तरी फोन करा आणि त्या रात्री कुठलं मंडळ होतं, ती भूमिका कुणी केली होती, मृदंगावर कोण होतं ते विचारा. नावं मिळाली की मंडळाच्या चालकांना फोन करून परवानगी घ्या, तो व्हिडिओ नावांसकट पुन्हा टाका आणि ज्या ग्रुपवर गेल्या वर्षी निनावी पाठवला होता, त्याच ग्रुपवर पहिल्यांदा पाठवा.